‘आपण’ म्हणणारा पाद्री आणि अक्कांचा टब : सोलापुरातल्या एका स्वयंकाळजी गटाचं प्रकरण

अक्कांच्या सुनेनं नातवाला त्यांच्या मांडीवर द्यायचं बंद केलं. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पोर रांगत आजीकडे निघालं की सून त्याला उचलायची आणि आतल्या खोलीत न्यायची. चार दिवसांनी अक्कांचा चहाचा कप वेगळा झाला. अक्कांचं कुष्ठरोगाचं औषध पूर्ण होऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत घरात असं काही घडलं नव्हतं. घडलं ते माझ्यामुळे. ३० जानेवारीच्या कार्यक्रमात मी एका ख्रिस्ती संताची गोष्ट सांगितली होती आणि सून पहिल्या रांगेत बसून ती ऐकत होती.

आमच्या कुष्ठरोगाच्या कामात केस लिहायची म्हणजे वय, डाग किती, सुजलेल्या नसा किती, विकृतीची ग्रेड काय, औषधाची किती पानं झाली. या केसला त्या फॉर्ममध्ये रकाना नाही, म्हणून मोकळं लिहिते आहे. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत.

अक्का सोलापूरच्या पूर्व भागातल्या. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात थोडं कानडी. शेजारी यंत्रमागाची खटखट, ओट्यावर बिड्यांचं सूप. वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्या बिड्या वळत होत्या. हातांची करंगळी-अनामिका बधिर झाली तेव्हा कात्रीनं पानाबरोबर बोटही कापलं जायचं. बिड्या सैल पडू लागल्या आणि माल छाटला जाऊ लागला, त्यातून पहिल्यांदा काहीतरी बिनसल्याचं लक्षात आलं. डॉक्टरपर्यंत पोचायला आणखी दोन वर्षं गेली. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची एकत्र द्यायची औषधं, बारा महिने घेतली, जंतू संपले. मेलेल्या नसा मात्र औषधानं परत येत नाहीत. हाताची दोन बोटं वाकलेली राहिली, दोन्ही तळवे बधिर राहिले आणि उजव्या पायाला अंगठ्याच्या मुळाशी एक जखम झाली. ती दर उन्हाळ्यात उघडते. सोलापूरच्या मे महिन्यातला डांबरी रस्ता आणि बधिर तळवा ही जोडी किती वाईट, ते इथल्यांना सांगायला नको.

आमचा गट दर बुधवारी बसतो. अकरा जण, अकरा प्लॅस्टिकचे टब. साध्या पाण्यात वीस मिनिटं पाय भिजवायचे, घट्टे दगडानं हलके घासायचे, ओल्या कातडीवर तेल लावायचं, मग आरशात तळवा बघायचा. डोळ्यांनी बघायचा, कारण पाय स्वतःहून काही सांगणार नाही. यात थोरपणाचं काही नाही. रोज दात घासण्याइतकं कंटाळवाणं काम आहे, आणि पाय वाचतो तो त्यानंच.

३० जानेवारीला गांधीजींच्या पुण्यतिथीनिमित्त कुष्ठरोगविरोधी दिन असतो. दर वर्षी आम्ही सेवाग्रामच्या परचुरे शास्त्रींची गोष्ट सांगतो. कुष्ठरोग झालेले ते संस्कृत पंडित आश्रमात आले आणि गांधीजी स्वतः त्यांना मालीश करायचे. गोष्ट चांगली आहे, पण गटाला तोंडपाठ झालेली. ‘ताई, यंदा दुसरी सांगा,’ असं एकानं म्हटलं आणि मी फादर डेमियनची निवडली.

गोष्ट मी अशी सांगितली. बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावी ३ जानेवारी १८४० ला एका शेतकरी घरात योसेफ द वूस्टर हा मुलगा जन्मला. सेक्रेड हार्ट्स या कॅथलिक धर्मसंघात गेल्यावर त्यानं डेमियन हे नाव घेतलं. हवाई बेटांवर जायचं होतं त्याच्या थोरल्या भावाला, पण भाऊ आजारी पडला आणि त्याच्या जागी हा गेला. १८६४ च्या मार्चमध्ये होनोलुलूला उतरला आणि तिथेच त्याची धर्मगुरू म्हणून दीक्षा झाली. त्या राज्यात १८६५ साली कायदा झाला की कुष्ठरोग्यांना धरून वेगळं काढायचं. मोलोकाई बेटाच्या उत्तरेला तीन बाजूंनी समुद्र आणि चौथ्या बाजूला उभा कडा असं एक टोक आहे, तिथे १८६६ पासून माणसं नेऊन सोडू लागले. हवाईच्या लोकांनी या आजाराला नाव दिलं होतं, ‘ताटातूट करणारा आजार’. १० मे १८७३ ला डेमियन तिथे उतरला, वय ३३. पहिल्या रात्री झाडाखाली झोपला. मग घरं बांधली, जखमा बांधल्या, शवपेट्या ठोकल्या, खड्डे खणले, मुलांचा बँड बसवला आणि लांबच्या दरीतून पाइप टाकून पाणी आणलं.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. पाइपाचं ऐकून गटातले एक आजोबा म्हणाले, ‘आपल्या सिद्धरामानं तळं खोदलं, यानं नळ आणला. एकच काम.’ बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी लोकांना घेऊन तळं खोदलं ही सोलापूरची अगदी घरची गोष्ट. त्यांची गड्ड्याची जत्रा तेव्हा अजून उठली नव्हती, त्यामुळे ते नाव सगळ्यांच्या ओठावर होतं. तिथेच एकानं विचारलं होतं, ‘ताई, हे चर्चचं आपल्याला कशाला?’ त्याला मी काही उत्तर देण्याआधी आजोबांनीच गप्प केलं.

मग मी आवाज चढवला. आता लिहितानाही तो चढलेला आवाज ऐकू येतो. ‘लोकांबरोबर एकाच भांड्यातून तो जेवला, आपली चिलीम त्यांना ओढायला दिली. आणि सेवा करता करता, मंडळी, त्याला तोच रोग झाला! १५ एप्रिल १८८९ ला, ४९ व्या वर्षी, तो त्यांच्यातलाच एक होऊन गेला.’ टाळ्या झाल्या. दोघींनी डोळे पुसले. माझ्या पाठीमागे भिंतीवर फलक होता : कुष्ठरोग स्पर्शानं सहज पसरत नाही.

सुनेनं फलक वाचला होता, गोष्टही ऐकली होती. तिनं गोष्टीवर विश्वास ठेवला.

सुनेचं म्हणणं

मी घरी गेले तेव्हा समजूत काढायच्या तयारीनं गेले होते. गैरसमज, अंधश्रद्धा, शिक्षणाचा अभाव, हे आमचे नेहमीचे शब्द. सून बारावी झालेली, एका गारमेंटच्या कारखान्यात शिवणाला जाते. तिनं मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘ताई, तुम्हीच सांगितलं ना, एका भांड्यात जेवला म्हणून त्याला झालं? मग माझं पोर अत्तम्मांच्या ताटात जेवतं.’ अत्तम्मा म्हणजे सासूबाई.

यात अंधश्रद्धा कुठे आहे? ऐकलेल्या गोष्टीवरून तिनं सरळ निष्कर्ष काढला होता. चूक सांगणारीची होती.

अक्का त्या वेळी ओट्यावरच होत्या. मध्ये बोलल्या नाहीत. निघताना एवढंच म्हणाल्या, ‘बरा होता तुमचा गांधी. त्याला काही झालं नाही.’

गोष्टीत काय चुकलं होतं

पुढचे दोन आठवडे मी डेमियनबद्दल पुन्हा वाचलं. तेव्हा दिसलं की मी सांगितलेलं बहुतेक खरं होतं, पण जे सांगितलं नाही त्यात अर्धं प्रकरण होतं.

पहिली गोष्ट काळाची. नॉर्वेच्या हॅन्सननं कुष्ठरोगाचे जंतू पाहिले ते १८७३ मध्ये, डेमियन मोलोकाईला उतरला त्याच वर्षी. जंतू सापडला, पण त्याला मारणारं औषध यायला आणखी सुमारे सत्तर वर्षं होती. डेमियन राहिला तो उपचार न झालेल्या शेकडो रुग्णांमध्ये, त्यांच्या उघड्या जखमांत, वर्षानुवर्षं, आणि जंतू मारणाऱ्या औषधाचा एक कणही नसताना. अक्कांच्या घरातली परिस्थिती याच्या अगदी उलट. एमडीटी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णाकडून संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो, आणि अक्कांचा तर कोर्स होऊन नऊ वर्षं झाली. शिवाय बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूशी झुंजायची ताकद जन्मजातच असते. हे सगळं मला पाठ आहे. गोष्ट सांगताना मात्र मी १८७३ आणि आजचं वर्ष यांच्यात भिंतच ठेवली नाही.

(एक आडगोष्ट. तेव्हा हवाईत काय, आपल्याकडे काय, आधार होता तो चौलमुग्रा जातीच्या बियांच्या तेलाचा. आपल्या सह्याद्रीतली कडू कवठी त्याच कुळातली. हे तेल पोटात घेतलं की ढवळायचं आणि टोचलं तर कातडीखाली गाठ व्हायची. ते टोचता येईल अशा रूपात आणलं १९१५ च्या सुमारास हवाईतच, ॲलिस बॉल या विशीतल्या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ मुलीनं. ती २४ व्या वर्षी गेली. तिची गोष्ट ३० जानेवारीला कुणी सांगत नाही. मीही नाही.)

दुसरी गोष्ट मदर मेरियन कोप यांची. त्या १८८३ साली आपल्या फ्रान्सिस्कन सिस्टरांना घेऊन हवाईत आल्या आणि नोव्हेंबर १८८८ मध्ये मोलोकाईवर, म्हणजे डेमियनच्या अखेरच्या महिन्यांत. जखमा बांधणं, मुली सांभाळणं, शिवण शिकवणं, हेच काम त्यांनी त्याच बेटावर पुढची तीस वर्षं केलं. हात धुण्याबाबत त्या फार कडक होत्या. आपल्या एकाही सिस्टरला हा रोग होणार नाही असं त्या म्हणाल्या होत्या आणि एकीलाही झाला नाही. ९ ऑगस्ट १९१८ ला, ऐंशी वर्षांच्या होऊन, त्या गेल्या त्या कुष्ठरोगाशिवाय. चर्चनं डेमियनला ११ ऑक्टोबर २००९ ला संत जाहीर केलं आणि मेरियनना २१ ऑक्टोबर २०१२ ला. दोघेही संत, जागा एक, काम एक. एकाला रोग झाला, दुसरीला नाही. टाळ्या मिळतात त्या पहिल्याच्या गोष्टीला. त्या का मिळतात याचा मी बराच विचार केला, आणि उत्तर मला आवडलं नाही. आपल्याला सेवकाचं मरण हवं असतं. त्याशिवाय सेवा खरी वाटत नाही. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचंही आपण तेच करतो. १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथेच डिसेंबर १९४२ मध्ये, ३२ व्या वर्षी वारले, एवढं शाळेच्या भाषणात येतं. मधल्या चार वर्षांत रोज किती शस्त्रक्रिया केल्या, कशा केल्या, हे कुणाला सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट शब्दाची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

लोकप्रिय गोष्ट अशी आहे की एके दिवशी डेमियनचा पाय उकळत्या पाण्यानं भाजला, त्याला कळलंच नाही, आणि पुढच्या रविवारी त्यानं प्रवचन सुरू केलं, ‘आपण कुष्ठरोगी…’ म्हणजे रोग झाला आणि ‘तुम्ही’चं ‘आपण’ झालं. मीही तशीच सांगितली होती. पाण्याचा प्रसंग खरा आहे, १८८४ च्या डिसेंबरातला. पण ‘आपण’ त्याआधीचं आहे. मोलोकाईवर येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा, १८७३ मध्येच, त्यानं युरोपातल्या भावाला पत्रात कळवलं होतं की प्रवचनात तो ‘माझ्या बंधूंनो’ म्हणत नाही, ‘आपण कुष्ठरोगी’ म्हणतो. त्या वेळी त्याचं अंग ठणठणीत होतं. म्हणजे रोगाच्या अकरा वर्षं आधी.

‘आपण’ हे मी मराठीत लिहिते आहे, आणि इथे आपली भाषा युरोपातल्या भाषांपेक्षा जास्त जाणते. फ्रेंचमध्ये, इंग्रजीत एकच शब्द. मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर, ‘आपण’ म्हटलं की आत. तेलुगूतही तसंच, ‘मेमु’ आणि ‘मनम’. आणि डेमियन प्रवचन द्यायचा त्या हवाईयन भाषेतही हा भेद आहे, ‘माकोउ’ म्हणजे आम्ही, ‘काकोउ’ म्हणजे आपण. तोंड उघडण्याआधी दर वेळी त्याला निवड करणं भाग होतं. आमच्या कामात आम्हीही निवड करतोच. ‘तुम्ही लोकांनी चपला घालायच्या’, ‘आम्ही औषध देतो’. वीस वर्षं मी हेच बोलत आले, प्रेमानं बोलत आले, आणि कधी कानाला खटकलं नाही.

त्याच्या माघारी जे झालं

हेही पहिल्या वेळी गाळलं होतं. डेमियनच्या मृत्यूनंतर चारच महिन्यांत होनोलुलूच्या एका प्रोटेस्टंट पाद्र्यानं, रेव्हरंड हाइड यांनी, पत्रात लिहिलं की हा माणूस घाणेरडा, हट्टी होता आणि त्याचा रोग त्याच्याच दुर्गुणांमुळे आणि निष्काळजीपणामुळे झाला. दुर्गुण म्हणजे बायका. कुष्ठरोग हा उपदंश (सिफिलिस) या गुप्तरोगाचाच पुढचा टप्पा असं तेव्हा शिकलेले लोकही मानत. ते पत्र छापून आलं. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हनसन त्याआधी त्या वसाहतीत आठ दिवस राहून आला होता. त्यानं १८९० साली हाइडना जाहीर उत्तर दिलं. डेमियन हट्टी होता, अस्ताव्यस्त होता हे त्यानं नाकारलं नाही. तुम्ही घरी बसला होतात तेव्हा तो तिथे होता, एवढं मात्र सुनावलं.

हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या खूप हसल्या. त्यांना पहिल्यांदा डाग दिसला तेव्हा नात्यातल्या एकीनं विचारलं होतं, कुठलं पाप केलंस म्हणून. ‘म्हणजे साहेब लोकांत पण तेच,’ त्या म्हणाल्या. आपल्याकडे कायद्यातही तेच होतं. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यांत २०१९ पर्यंत लिहिलेलं होतं. १८९८ चा इंग्रजांच्या काळातला लेपर्स ॲक्ट रद्द झाला तोही २०१६ ला.

दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा

मार्चच्या एका बुधवारी मी गोष्ट परत सांगितली. व्यासपीठ नाही, माईक नाही, सगळ्यांचे पाय टबात. सुनेला मुद्दाम बोलावलं. ती आली, पण दारातच उभी राहिली.

या वेळी मी पाण्यापासून सुरुवात केली. एका माणसानं दमून आल्यावर पाय गरम पाण्यात बुडवले, पाणी इतकं कढत होतं की कातडी सोलली, आणि त्याला काही कळलं नाही. मी थांबले. टबात पाय घालून बसलेल्या अकरा जणांना पुढचं सांगायची गरज नव्हती. एक जण म्हणाला, ‘कोपर बुडवून बघायला पाहिजे होतं त्यानं.’ हा आमच्या गटाचा नियम. तळवा बधिर असेल तर पाणी कोपरानं बघायचं, नाहीतर घरातल्या कुणाला तरी बघायला सांगायचं. डेमियनला हे सांगायला कुणी नव्हतं. बधिरपणामुळे इजा होते आणि इजेमुळे बोटं झडतात, रोग बोटं खात नाही, हे डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला दाखवून दिलं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर.

मग औषध नसलेला काळ, मग मेरियनबाई आणि त्यांचे धुतलेले हात. आणि शेवटी पत्रातलं ‘आपण’. ते मी तेलुगूतही सांगून पाहिलं, माझ्या मोडक्या तेलुगूत. ‘मेमु’ नव्हे, ‘मनम’.

मला वाटलं होतं इथे अक्का विरघळतील. त्यांनी पाय टबातून काढला, पुसला आणि म्हणाल्या, ‘ताई, तुमचं आपण संध्याकाळी पाचला घरी जातं.’

कुणी हसलं नाही. मीही काही बोलले नाही, कारण ते खरंच होतं. डेमियनचं ‘आपण’ घरी जात नव्हतं. त्याला जाताही येत नव्हतं. त्याचे वरिष्ठ जहाजानं आले तेव्हा कप्तानानं त्याला वर चढू दिलं नाही, म्हणून त्यानं खाली होडीत उभं राहून आपली पापकबुली ओरडून दिली होती, सगळ्या खलाशांसमोर. मी बॅग उचलून सात रस्त्याची रिक्षा धरते.

तेव्हापासून मी एक बदल केला आहे. गटात ‘आपण’ म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. ‘तुम्ही लोक’ही म्हणत नाही. नावं घेते. लांबण लागते, पण अकराच तर माणसं आहेत. आमच्या सहकाऱ्यांना हा चोखंदळपणा वाटतो, काहींनी तसं सांगितलंही. पहिल्या तपासणीला आलेल्या नवीन रुग्णाला ‘आपण’ कोण म्हणतं, तर गटातलेच लोक. सांगावं लागत नाही.

सुनेचं काय झालं? गोष्टीनं फारसं काही झालं नाही, हे प्रामाणिकपणे लिहायला हवं. झालं ते तपासणीनं. तिची, नवऱ्याची आणि बाळाची कातडी मी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसवून, डोक्यापासून पायापर्यंत बघितली. नसा चाचपल्या, आणि प्रत्येक गोष्ट काय बघते आहे ते तिला सांगत बघितली. एकाही अंगावर डाग नव्हता. तिनं बाळाच्या पाठीवरचा जन्मखूण असलेला ठिपका दोनदा दाखवला. मी दोनदा बघितला. मग ती म्हणाली, ‘नऊ वर्षांत हे कुणी केलंच नव्हतं.’ घरातल्यांची तपासणी व्हायला हवी असा नियम आहे. अक्कांच्या कागदावर ती झाल्याची खूणही आहे.

मे महिन्यात उन्हानं अक्कांची जखम पुन्हा उघडली, एमसीआरची, म्हणजे बधिर पायांसाठीच्या मऊ रबराची, चप्पल असूनही. पट्टी बांधायला मी घरी गेले होते. पोर आता चालायला लागलं होतं. आजीच्या मांडीवर चढून तिच्या वाकलेल्या करंगळीला धरून लोंबकळत होतं, त्याला तो हातगाडीचा दांडा वाटत असावा. सुनेनं चहा आणला. माझा कप स्टीलचा, अक्कांचा तोच वेगळा, कान तुटलेला.

मी कपाकडे बघितलं. अक्कांनी माझ्याकडे बघितलं.

‘राहू दे कप,’ त्या तेलुगूत म्हणाल्या. ‘पोरगं आलं ना.’